नोकरीचा सहामाही हिशेब: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही एकच विचारलं होतं: नोकरी बरी चालली आहे की नाही, आणि पुढे कुठे जायचं, हे तुम्ही कसं ठरवता? आलेल्या पत्रांतली सात इथे थोडक्यात घेतली आहेत. नावं गाळली, पण राहण्याचं ठिकाण ठेवलं. मुंबईत माणूस रोज कुठून कुठे जातो हे कळल्याशिवाय त्याच्या नोकरीबद्दल काही बोलण्यात अर्थ नसतो.

प्रश्न: लोअर परळच्या एका खासगी कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्स सांभाळते. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. दर मार्चला ठरवते, आता बस. मग एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र येतं, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. मी कामाला कंटाळले आहे की नुसती दमले आहे? आणि हे तपासायचं तर किती वेळा? (डोंबिवली पूर्व, वय ३४)

उत्तर: हिशेब तुम्ही करताच आहात, फक्त दिवस चुकीचे निवडताय. एकदा मार्च एंडिंगच्या ओझ्याखाली आणि एकदा वाढीव पगाराच्या खुशीत. अकाउंट्समधल्या माणसाने मार्चमध्ये नोकरीबद्दल मत बनवणं म्हणजे २६ जुलैच्या पुरात उभं राहून मुंबईच्या हवेबद्दल मत बनवणं.

आधी नोंद करा, मत नंतर. खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी वही घ्या आणि परतीच्या लोकलमध्ये रोज दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलं काम. दुसरीत ते करताना नेमकं काय घडलं. शेवटी उणे २ ते अधिक २ यांतला एक आकडा. घरी पोचल्यावर लिहू म्हणाल तर राहून जाईल, आणि राहिलं नाही तरी कुकरच्या शिट्ट्यांत दिवसाचा रंग बदललेला असेल. नोंद साधारण अशी दिसते:

'मंगळवार. बँक रिकन्सिलिएशन. दोन तास कोणी हाक मारली नाही. पाच महिने न जुळणारा फरक सापडला. अधिक २.'

'गुरुवार. जीएसटीचं ३बी विवरणपत्र. संध्याकाळी सहाला साहेबांनी आकडे बदलून फाइल परत पाठवली, कारण सांगितलं नाही. ७:०४ची लोकल गेली. उणे २.'

'आज वैताग आला' ही नोंद कामाची नाही. महिन्याने ती वाचून काहीच कळत नाही.

हे पूर्ण एक महिना करा, कारण तुमच्या कामाचा महिना एकसारखा जात नाही. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, मग कुठे थोडी उसंत. नुसता पहिला पंधरवडा मोजलात तर कुठलीही नोकरी नरक वाटेल, आणि नुसता शेवटचा आठवडा मोजलात तर सगळं छान.

महिना संपला की प्रत्येक उणे नोंदीसमोर चारपैकी एकाचं पहिलं अक्षर लिहा: काम, माणसं, पैसा, किंवा जागा-वेळ. एका नोंदीला एकच. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण रागाच्या भरात सगळ्याचं खापर साहेबांवर फुटतं. वर दिलेली गुरुवारची नोंद पाहा. साहेब वाईट वागले म्हणून ती उणे आहे, की लोकल चुकली म्हणून? फाइल चारला परत आली असती तरी ती उणेच राहिली असती का, असं स्वतःला विचारा आणि मग अक्षर लिहा.

आता मोजा. उणे नोंदींपैकी निम्म्याहून जास्त एकाच माणसाभोवती असतील तर कंपनी सोडायच्या आधी विभाग बदलून मिळतो का ते पाहायचं. जागा-वेळ जास्त असेल तर पुढे कल्याणच्या वाचकाला दिलेला हिशेब करायचा. आणि उणे सगळे 'काम' या अक्षराखाली पडत असतील, शिवाय अधिकच्या नोंदी जवळपास नसतीलच, तर मात्र नुसती कंपनी बदलून भागणार नाही. तेच काम दुसऱ्या इमारतीत जाऊन कराल.

पगारवाढ तुम्हाला दोन-तीन महिने पुरते, याचंही कारण आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांना विचारून पाहिलं होतं की कामावर कधी फार बरं वाटलं आणि कधी फार वाईट. वाईट वाटण्याची कारणं बहुतेक पगार, नियम, वरिष्ठ यांच्याभोवतीची निघाली. बरं वाटण्याची कारणं होती काहीतरी तडीस नेणं, त्याची दखल, आणि खुद्द काम. म्हणजे पगार कमी पडला तर माणूस चिडतो, पण वाढला म्हणून काम आवडायला लागत नाही. या मांडणीवर पुढे आक्षेप बरेच आले, तरी तुमच्या एप्रिल-जूनला ती चपखल बसते.

दमणं आणि कंटाळणं वेगळं करायला सलग चार दिवसांची रजा घ्या, ऑफिसचा मेल बंद ठेवून. परत आल्यावर पुढचे दहा-बारा दिवस नोंदी सुधारल्या तर थकवा होता. पहिल्याच सकाळी उणे २ आलं तर रजेने भरून येणारी ही गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणते. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आणि मराठीतही मिळते.

किती वेळा? वर्षातून दोनदा, कॅलेंडरवर तारीख लिहून. पगारवाढीच्या पत्रापासून किमान दोन महिने लांब. इतर वाचकांना आम्ही पितृपक्षाचा पंधरवडा सुचवू. त्यात नवीन काही सुरू करायचं नाही असं घरातच ठरलेलं असतं, त्यामुळे राजीनाम्याची घाई आपोआप टळते. तुम्हाला तो चालणार नाही, कारण ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट आणि ३१ ऑक्टोबरची विवरणपत्रं डोक्यावर असतात. तुम्ही नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. एप्रिलच्या पत्रात जे येतं ते बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत ठरून गेलेलं असतं, म्हणजे नोव्हेंबरात सुचलेली मागणी डिसेंबरात वेळेवर मांडता येते. दुसरी तारीख १५ जूनचा आगाऊ कर भरून झाल्यावर. प्रत्येक वेळी शेवटी एकच कृती लिहायची, तारखेसकट. 'कामात बदल हवा' असं लिहू नका. '१० डिसेंबरपर्यंत साहेबांकडे व्हेंडर पेमेंट दुसऱ्याला देऊन एमआयएस रिपोर्ट (व्यवस्थापनासाठीचे अहवाल) मागणार' असं लिहा.

प्रश्न: मुलगा दर सहा महिन्यांनी 'करिअर तपासतो'. मला हे मन अस्थिर करण्याचं काम वाटतं. आम्ही तीस-तीस वर्षं एका जागी काढली. (गिरगाव, वय ६१)

उत्तर: काढली, आणि त्या काळी ते शहाणपणाचं होतं. पण तुमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर गिरणगाव आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बरेच जण त्या खात्यात परत गेलेच नाहीत. कापडाचा धंदा त्याच्या आधीपासून भिवंडीसारख्या ठिकाणच्या पॉवरलूमकडे सरकत होता. साच्यावरचा कामगार स्वतःच्या कामात पटाईत होता, नेकीने करत होता. धंदाच पायाखालून सरकत होता. आपलं काम आवडतं का, हा अर्धा प्रश्न झाला. आपल्या कामाला पाच वर्षांनी गिऱ्हाईक आहे का, हा दुसरा अर्धा, आणि तो मनाच्या स्थैर्यावर अवलंबून नाही.

एक मात्र तुमचं बरोबर. दर आठवड्याला तपासणारा माणूस कुठेच रुजत नाही. वर्षातून दोनदा, प्रत्येकी एक सुट्टीची सकाळ, यापेक्षा जास्त वेळ मुलगा त्यात घालवत असेल तर त्याला जरूर टोका.

प्रश्न: बीकेसीत हातात ५८ हजार मिळतात. ऐरोलीत ५१ हजारांची ऑफर आहे. काम तेच, ऑपरेशन्सचं. घरच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत आत्ता १ तास ५० मिनिटं लागतात, ऐरोलीला १ तास १० लागतील. सध्याच्या कंपनीत ४ वर्षं ४ महिने झाले. सात हजार सोडणं मूर्खपणा आहे का? (कल्याण पश्चिम, वय ३१)

उत्तर: तुम्ही दारापासून दारापर्यंतचा वेळ दिलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसता लोकलचा वेळ धरतात आणि कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत घालवलेली वीस मिनिटं विसरतात.

महिन्याचे २२ दिवस आणि रोजचे ९ तास धरले तर कामाचे १९८ तास. बीकेसीला रोजचा प्रवास ३ तास ४० मिनिटं, म्हणजे महिन्याला जवळपास ८१ तास. ऐरोलीला २ तास २० मिनिटं, म्हणजे ५१ तास. आता खर्च वजा करा. पास, रिक्षा, वेळ चुकली की ओला-उबर, असं धरून बीकेसीला २,६०० आणि ऐरोलीला १,४०० समजू. तुमचा खरा आकडा तुम्ही घाला. बीकेसी: ५५,४०० भागिले २७९ तास, तासाला १९९ रुपये. ऐरोली: ४९,६०० भागिले २४९, तासाला १९९ रुपये. दोन्ही सारखे. म्हणजे सात हजार कमी घेऊन तुम्ही तितक्याच भावाने महिन्याला सुमारे २९ तास मोकळे करून घेताय. ते घ्यावेत का, हे त्या तासांचं तुम्ही काय करणार यावर आहे. अभ्यास, मूल, झोप, काहीही असो, आजच ठरवा. नाहीतर ते तास मोबाइल खातो.

इथे थांबू नका, कारण 'हातातला पगार' हा आकडा फसवा असतो. सॅलरी स्लिपवर पीएफ किती कापला जातो पाहा. समजा तुमचा मूळ पगार २८ हजार आहे आणि सध्याची कंपनी पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के कापते. तर तुमचे ३,३६० आणि कंपनीचे तितकेच. नवी कंपनी कायद्यातल्या १५ हजारांच्या मर्यादेवरच कापत असेल तर १,८०० आणि १,८००. मग दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला ३,१२० रुपये कमी साठतील आणि हातातला पगार मात्र तेवढा मोठा दिसेल. तसं असेल तर खरा फरक सात हजारांचा उरत नाही, दहा हजारांच्या पुढे जातो, आणि वरचं पारडं बीकेसीकडे झुकतं. ऑफर लेटरमध्ये कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीच्या, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाच्या, आत धरलीय का, हेही विचारा.

तिसरी गोष्ट ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते. सूत्र: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २८ हजारांवर पाच वर्षांचे ८०,७६९ रुपये होतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे तुमचा आकडा यापेक्षा जास्तही निघू शकेल; एचआरकडून लेखी घ्या. चार वर्षं २४० दिवस पुरतात असं ऑफिसात कोणीतरी सांगेल. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, पण प्रत्येक कंपनी तो मानत नाही, आणि ऐंशी हजारांसाठी भांडत बसायची तुमची तयारी नसेल तर पूर्ण पाच वर्षंच धरा.

आठ महिने नवी कंपनी थांबणार नाही. तेव्हा तिच्याकडे हा तोटा आकड्यासकट मांडा आणि जॉइनिंग बोनस मागा. 'पगार थोडा वाढवा' म्हटलं की एचआर ठरलेली वाक्यं ऐकवतं. 'राजीनाम्यामुळे माझे ८०,७६९ रुपये बुडतात' म्हटलं की त्यांना वरच्या साहेबांना दाखवायला कागद मिळतो.

प्रश्न: आयटीत मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासायचं काम, करते, पाच वर्षं झाली. एआयमुळे हे काम जाणार असं सगळे म्हणतात. एक क्लास दीड लाखात 'जॉब गॅरंटी' देतो, हप्त्यांनी. पाच वर्षांनी मी कुठे असायला हवं हे कसं ठरवू? (बोरिवली पश्चिम, वय २७)

उत्तर: पाच वर्षांनंतरचं चित्र कोणालाच नीट दिसत नाही, तेव्हा त्यावर रात्री जागवू नका. दोन पायऱ्या पुढचं पद मात्र दिसतं, कारण त्याच्या जाहिराती आजच निघतायत.

तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्या पदाच्या ३० जाहिराती गोळा करा. मुंबई, नवी मुंबई, पुणे एवढंच, आणि गेल्या ३० दिवसांतल्याच. एकाच कंपनीने चार एजन्सींमार्फत टाकलेली जाहिरात एकदाच मोजा, नाहीतर आकडे फुगतात. एका तक्त्यात प्रत्येक कौशल्यापुढे रेघा ओढा: सेलेनियम, प्लेराइट, एपीआय टेस्टिंग, एसक्यूएल, जेनकिन्स, बँकिंग किंवा विम्याचा अनुभव, टीम सांभाळणं. तीसपैकी वीसच्या वर आलेलं कौशल्य तुमच्याकडे नसेल तर ते पहिलं. पाचच्या खाली आलेलं सध्या सोडून द्या, त्यावर कितीही व्हिडिओ निघोत. आणि तक्त्यावर तारीख घाला. सहा महिन्यांनी पुन्हा तीस जाहिराती मोजल्या की दोन तक्त्यांतला फरक तुमचं क्षेत्र कुठे सरकतंय ते सांगेल. भविष्याबद्दलच्या कुठल्याही भाषणापेक्षा हे दोन कागद खरे.

या कामात एआय टेस्ट केस भराभर लिहून देतं, हे खरं. कुठली केस महत्त्वाची, हे सांगायला मात्र धंदा कळावा लागतो: पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत तर पुढे काय व्हायला हवं, पॉलिसी महिन्याच्या मध्येच बंद केली तर परतावा किती. तुमची पाच वर्षं एकाच क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरवर गेली असतील तर ते भांडवल आहे, आणि बायोडाट्यात ते बहुधा एका ओळीत गुंडाळलेलं असेल.

मग चाचणी. एकूण ४० तास: आठवड्याला पाच, आठ आठवडे. दर रिलीजला हाताने कराव्या लागणाऱ्या तुमच्याच तपासण्यांतल्या दहा निवडा आणि त्या ऑटोमेट करा. पहिल्या दहा तासांत फक्त सेटअपची डोकेदुखी असते, तिथे मत बनवू नका. विसाव्या तासानंतरही बसायची टाळाटाळ होत असेल तर कोडिंगचा रस्ता तुमचा नाही. मग बिझनेस अ‍ॅनालिसिसकडे पाहा आणि तिथेही असेच चाळीस तास घालून बघा.

सोबत, त्या पदावर असलेल्या तिघांशी प्रत्येकी वीस मिनिटं बोला. 'तुमचं काम कसं आहे' असं विचारलंत तर 'चॅलेंजिंग आहे' ऐकायला मिळेल. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत' असं विचारा. सहा तास मीटिंगांत गेले असं उत्तर आलं तर ते पद कसं आहे ते कळलं.

क्लासबद्दल: हप्ते बहुतेक वेळा क्लासचे नसून कर्ज देणाऱ्या कंपनीचे असतात आणि ते कर्ज तुमच्या नावावर चढतं. क्लास बंद पडला, शिकवणारा सोडून गेला, तरी हप्ता थांबत नाही आणि चुकला की सिबिल खराब होतो. करारात 'गॅरंटी' लिहिलंय की 'असिस्टन्स', पैसे परत मिळण्याच्या अटी काय, किती टक्के हजेरी आणि किती मुलाखतींनंतर, हे वाचा. करार आधी वाचायला देत नसतील तर विषय संपला. चाळीस तास व्हायच्या आत एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न: २००४ साली लिपिक म्हणून राज्य शासनाच्या सेवेत लागलो. वांद्रे पूर्वेच्या कार्यालयात आवक-जावक बघतो. समाधान शून्य. पण सरकारी नोकरी कोण सोडतं? मग तपासून करायचं काय? (लालबाग, वय ४४)

उत्तर: सोडणं हा तपासणीचा एक निकाल झाला, आणि तोही क्वचित येणारा. तुमच्यासाठी पहिला प्रश्न टेबलाचा. आवक-जावकवर दिवसभर कागद हातातून जातो, पण त्याचं पुढे काय झालं ते दिसत नाही. समाधान मारायला एवढं पुरेसं आहे. माहिती अधिकाराचं टेबल त्रासाचं म्हणून कोणी मागत नाही, पण तिथे ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि प्रकरण सुरू होऊन संपताना दिसतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांचं टेबलही तसंच. कार्यालयातल्या कार्यालयात टेबल बदलणं कार्यालयप्रमुखांच्या हातात असतं. लेखी विनंती द्या, आणि आपलं टेबल कोण घेईल तेही त्यात सुचवा. ते नाव नसलं की अर्ज पडून राहतो. बाहेर बदली हवी असेल तर सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. विनंती अर्ज त्याच्या बरेच आधी गेलेला बरा.

बाहेर काही करून पाहायचं असेल तर जपून. १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा किंवा नोकरी करता येत नाही. अधूनमधून साहित्यिक, कलाविषयक काम किंवा मानद समाजकार्य चालतं, कामात अडथळा येत नसेल तर. पत्नीच्या नावावर दुकान काढून स्वतः गल्ल्यावर बसणं, हा बऱ्याच चौकशांचा उगम आहे.

आणि कागद पाहून ठेवा. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात म्हणजे जुनी पेन्शन. २० वर्षं अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. बिनपगारी रजेचे काळ त्यात धरलेत का, हे सेवापुस्तक उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. वर्षातून एकदा आस्थापना शाखेत जाऊन ते बघा. जायचं नसलं तरी दरवाजा कुठे आहे हे माहीत असलं की तेच टेबल थोडं कमी बोचतं.

प्रश्न: नोकरी बदलायची आहे आणि वर्षभरात मूलही हवं आहे. आधी काय? (सीप्झजवळ, अंधेरी पूर्व, वय ३१)

उत्तर: कायद्यातला एक आकडा लक्षात ठेवा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तेव्हा बदलायची तर आधी बदला आणि रुजू झाल्यावर चार-पाच महिने हातात राहतील असं बघा. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते. ती कागदावर आहे की खोलीत, हे तिथे काम करणाऱ्या एखाद्या आईला विचारा. गटविम्यात बाळंतपणाचा खर्च पहिल्या दिवसापासून आहे की नऊ महिन्यांनंतर, तेही ऑफर स्वीकारण्याआधी. मुलाखतीत मुलाबद्दल काही सांगायची गरज नाही.

प्रश्न: दोनदा तपासलं, दोन्ही वेळा उत्तर 'सोडा' असंच आलं. दुसरी नोकरी हातात आहे. राजीनामा देताना लोक काय विसरतात? आई माझ्याच मेडिक्लेमवर आहे. (विलेपार्ले पूर्व, वय ३८)

उत्तर: पहिलं म्हणजे नोटीस. ९० दिवसांची असेल तर नवी कंपनी ती विकत घेते का, आणि घेतली तर रक्कम कोण कोणाला कधी देणार, हे मेलवर हवं. उरलेली रजा नोटीसमध्ये वळती होईल हे गृहीत धरू नका.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शन योजनेतली तुमची वर्षंही तुटतात. तिथे किमान दहा वर्षं लागतात. जुन्या कंपनीने यूएएनवर (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावर) नोकरी सोडल्याची तारीख भरली का, हे महिन्या-दोन महिन्यांनी बघा. ती नसली की ट्रान्सफर अडतो.

आर्थिक वर्षाच्या मध्ये जाताय तर जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोन्हीकडे ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि खालचे करटप्पे लावून टीडीएस कमी कापला जातो, आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकदम मोठा कर, वर व्याज. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप ऑफिसचा मेल बंद होण्याआधी स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीच्या फाइली मात्र नाही.

राहिला मेडिक्लेम. कंपनीचा गटविमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो आणि नव्या कंपनीत आईवडिलांना घेतीलच असं नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलात तर गटविम्यातल्या काळाचं श्रेय मिळू शकतं, पण अर्ज गटविमा चालू असताना करायचा असतो. नव्याने पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईची बीपीची गोळी चालू असेल तर हे काम राजीनाम्याचा मेल पाठवण्याच्या आधी उरकायचं.